दुसऱ्यांदा भेटलेली स्कूटर

व्यापारी घराच्या दारात उभी असलेली स्कूटर ही कुटुंबाची एक अबोल सेवकच असते. सकाळी मुलांची शाळा, मग दुकान उघडणे, दुपारी बँकेतला भरणा, संध्याकाळी भाजीपाला आणि रात्री हिशेबाच्या वह्या पायापाशी ठेवून परत घर. तिचे सारे आयुष्य इतरांच्या सोयीत जाते. तिच्याकडून आनंदाची अपेक्षा कोणी करत नाही. आनंदासाठी मोटारसायकल असते, अशी आमच्या पिढीची ठाम समजूत होती. चोपन्नाव्या वर्षी आंबा घाटातील एका चढावर माझी ही समजूत मोडली. ती कशी मोडली, आणि मोडल्यानंतर घरात कोणता वाद उभा राहिला, त्याची ही हकीकत.

अण्णांची चेतक, माझी आरएक्स

सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कितीतरी वर्षे नंबर लावून ठेवल्यावर त्यांना बजाज चेतक मिळाली. तो दिवस घरात सणासारखा साजरा झाला होता. 1972 साली बाजारात आलेली आणि महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव मिरवणारी ही स्कूटर मिळवण्यासाठी हातात पैसे तयार असूनही लोक वर्षानुवर्षे वाट पाहत असत. इंजिन सुमारे 145 सीसीचे, ताकद साडेसात अश्वशक्तीच्या आसपास, आणि डाव्या मुठीत फिरवायचे चार गिअर. थंडीच्या सकाळी ती एका अंगावर कलती करायची आणि मगच किक मारायची, हा अण्णांचा नित्याचा विधी. पुढे उभा मी, पायापाशी हळदीच्या नमुन्यांच्या पिशव्या आणि मागे आई, अशी आमची वरात निघे.

विसाव्या वर्षी, म्हणजे 1991 साली, मी हट्टाने यामाहा आरएक्स 100 घेतली. इंजिन अवघे 98 सीसीचे, परंतु ताकद 11 अश्वशक्ती आणि अंगकाठी सडपातळ. मूठ पिळताच ती अशी उसळे की मागे बसलेल्याने खांदा घट्ट धरावा. अण्णांनी त्या गाडीभोवती शांतपणे एक फेरी मारली आणि एवढेच विचारले, "हिच्यावर नमुन्याच्या पिशव्या कुठे ठेवायच्या?" मी उत्तर दिले नाही. स्कूटर म्हणजे वडिलांचे वाहन आणि मोटारसायकल म्हणजे आपले, अशी रेघ त्या दिवशी मनात ओढली गेली.

ही रेघ केवळ माझ्या मनातली नव्हती. 1990 नंतरच्या दशकात देशातील ग्राहक मोटारसायकलकडे वळला, आणि ज्या बजाजने घराघरांत स्कूटर पोहोचवली त्याच कंपनीने 2009 साली स्कूटर बनवणे थांबवण्याचा निर्णय घेतला. मी आरएक्सवरून बुलेटवर आलो. गेली पंचवीस वर्षे आम्ही पाच-सहा मित्र, कोणी सराफ, कोणी कापड व्यापारी, कोणी डॉक्टर, रविवारी पहाटे निघतो आणि दुकान उघडण्याची चिंता नसलेले ते चार तास रस्त्यावर घालवतो.

अंकलीच्या पुलापासून आंबा घाटापर्यंत

गेल्या दिवाळीनंतरच्या एका शनिवारी रात्री माझ्या बुलेटची साखळी तुटली. मेकॅनिक सोमवारशिवाय भेटणार नव्हता. थोरला पुतण्या म्हणाला, "काका, माझी एरॉक्स घेऊन जा." यामाहाची ही 155 सीसीची स्कूटर 2021 पासून आपल्याकडे मिळते. रंगरूपाने ती मला नेहमीच थोडी उथळ वाटत आली होती. तथापि घरी बसण्यापेक्षा ती बरी, अशा हिशेबाने मी पहाटे चौकात पोहोचलो. मित्रांनी मनसोक्त हसून घेतले. एकाने येताना भाजी आणण्याची यादी दिली.

पहिले काही किलोमीटर हसण्यासारखेच गेले. माझा डावा पाय हवेत गिअर शोधत होता. अंकलीच्या पुलाजवळ पुढचा ट्रक थांबला तेव्हा तीस वर्षांच्या सवयीने मी डाव्या हाताने 'क्लच' दाबला. स्कूटरला तेथे मागचा ब्रेक असतो. चाक करकचून थांबले, गाडी तिरकी झाली आणि मी पडता पडता वाचलो. अनुभवी मोटारसायकलस्वाराला स्कूटरवर पहिला धोका असतो तो त्याच्या अनुभवाचाच, हे मला तेथे समजले.

कोल्हापूर सोडले, मलकापूर मागे टाकले आणि आंबा गावापुढे घाट उतरू लागलो. येथे दुसरा धडा मिळाला. मोटारसायकल उतारावर खालच्या गिअरमध्ये टाकली की इंजिन तिला मागे ओढून धरते. स्कूटरमध्ये ही ओढ मुळातच कमी, आणि वेग बराच उतरला की तिचा क्लच आपोआप सुटून ती मोकळी धावू लागते. त्यामुळे सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबून ठेवावा तर तो तापतो आणि त्याची पकड कमी होते. म्हणून वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक नीट लावून वेग उतरवायचा आणि मग ब्रेक सोडून त्यांना थंड होऊ द्यायचे, हे मी त्या उतारावर नव्याने शिकलो. पेट्रोलची टाकी मांड्यांमध्ये धरण्याची सवयही उपयोगाची नव्हती. पाय टेकवून आणि कमरेने तोल सावरून बसावे लागत होते. साखरप्याला पोहोचेपर्यंत मी घामाघूम झालो होतो.

चहा-पोह्यांनंतर परतीचा चढ सुरू झाला आणि गाडी माझ्याशी वेगळीच बोलू लागली. वळण संपता संपता मूठ पिळावी आणि तिने क्षणाचाही विचार न करता पुढे झेपावावे. कोणता गिअर, आता की नंतर, हा प्रश्नच उरला नव्हता. माझे सारे लक्ष रस्त्यावर होते: कोठे खडी सांडली आहे, समोरचे वळण कोठे मिटते, कोठे उघडते. विशेष म्हणजे मी वेगमर्यादेच्या आतच होतो, पण एका वळणातून दुसऱ्या वळणात ती इतकी सहज कलत होती की आरएक्सवरचे विसावे वर्ष आठवले. आंबा गावाशी थांबलो तेव्हा मागच्या बुलेट एकामागून एक आल्या. भाजीची यादी देणाऱ्या मित्राने हेल्मेट काढले आणि म्हटले, "जरा चावी दे बघू."

हिशेब जुळतो कसा

आम्ही व्यापारी माणसे, त्यामुळे आनंदाचाही हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. एरॉक्सची ताकद सुमारे 15 अश्वशक्ती आणि वजन 126 किलो. आजच्या 350 सीसी बुलेटची ताकद 20 अश्वशक्ती आणि वजन 195 किलो. दोहोंवर 75 किलोचा स्वार बसवला तर प्रत्येक अश्वशक्तीला दोन्हीकडे साधारण साडेतेरा किलो भार येतो. म्हणजे कागदावर दोघी बरोबरीच्या. मग वळणाच्या चढावर स्कूटर हलकी का वाटते?

पहिले कारण तिच्या पोटातल्या पट्ट्यात आहे. स्कूटरमध्ये दाते असलेल्या गिअरऐवजी दोन पुल्या आणि त्यांवरून फिरणारा बेल्ट असतो. इंजिन वेगाने फिरू लागले की पुढच्या पुलीतील लहान रोलर बाहेर सरकतात, पुलीच्या दोन बाजू जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. त्यामुळे गिअरचे प्रमाण पायरी-पायरीने न बदलता उताराच्या रस्त्यासारखे अखंड बदलत जाते. मोटारसायकलवर प्रत्येक गिअर बदलताना ताकद क्षणभर तुटते. स्कूटरमध्ये इंजिन आपल्या जोमाच्या फेऱ्यांवर टिकून राहते आणि बाकीचे काम बेल्ट करतो. बेल्टमध्ये थोडी ताकद वाया जाते, हे खरे. परंतु घाटातल्या स्वाराला ती जाणवत नाही.

दुसरे कारण चाकांत आहे. मोटारसायकलचे चाक साधारणतः 17 ते 19 इंचांचे असते. फिरणारे मोठे चाक आपली दिशा सोडायला नाखूश असते, लहान चाक चटकन वळते. इंजिन आणि इतर जड भाग खाली, मागच्या चाकाजवळ असल्यामुळे गाडी कलवायला कष्ट पडत नाहीत. याची किंमतही मोजावी लागते. 10 किंवा 12 इंचांचे चाक ज्या खड्ड्यात खोल बसते, त्यावरून मोठे चाक निभावून जाते. वेगवान स्कूटरना 14 इंची चाके देण्याची पद्धत पडली ती यासाठीच. आपल्या बारामतीत तयार होणारी एप्रिलिया एसआर 150 ही स्कूटर 2016 साली अशाच चाकांवर बाजारात आली. तिचे इटालियन घराणे शर्यतींचे आहे. व्हॅलेंटिनो रॉसीने 1997 आणि 1999 साली मिळवलेली पहिली दोन जगज्जेतेपदे एप्रिलियाच्याच मोटारसायकलींवरची होती.

विजेवरच्या स्कूटरने तर बेल्टही काढून टाकला आहे. काही गाड्यांत तो उरला असला तरी तो केवळ मोटरची फिरकी चाकापर्यंत पोहोचवतो. विजेची मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते. 2020 साली आलेली एथर 450एक्स ही स्कूटर उभ्या जागेवरून ताशी 40 किलोमीटरचा वेग 3.3 सेकंदांत गाठते, असे कंपनी सांगते. सिग्नलपासूनच्या पहिल्या काही मीटरांत भल्याभल्या मोटारसायकली तिच्या मागे राहतात. ज्या चेतकला आपण निरोप दिला होता, तीही त्याच वर्षी विजेवर परत आली.

मोटारसायकल न आवडणाऱ्याची निर्मिती

स्कूटरच्या जन्मकथेत एक गंमत आहे. इटलीत 1946 साली व्हेस्पा घडवणारे कोराडिनो द'आस्कानियो हे मुळात विमाने व हेलिकॉप्टरचे अभियंता होते आणि त्यांना मोटारसायकल आवडत नसे. तिची साखळी कपडे मळवते, तिच्यावर पाय टाकून चढावे लागते, टायर पंक्चर झाला तर चाक काढणे जिकिरीचे. हे सारे दोष त्यांनी एकेक करून दूर केले. इंजिन झाकले, साखळी काढली, गिअर हातात आणले आणि विमानाच्या चाकाप्रमाणे पुढचे चाक एकाच बाजूने धरले. म्हणजे हे वाहन मोटारसायकलस्वारांसाठी नव्हतेच. ते ज्यांना केवळ कामावर पोहोचायचे आहे त्यांच्यासाठी होते.

तरीही वेगाने तिला फार दिवस सोडले नाही. 1951 साली व्हेस्पा आणि लॅम्ब्रेटा या दोन प्रतिस्पर्ध्यांमध्ये विक्रमाची चुरस लागली आणि त्याच वर्षी रोमोलो फेरी याने 125 सीसीच्या, माशासारखे कवच चढवलेल्या लॅम्ब्रेटावर जर्मनीतील महामार्गावर ताशी 200 किलोमीटरची मर्यादा ओलांडली.

पुढे 2001 साली यामाहाने युरोपात टीमॅक्स आणली. 499 सीसीची दोन सिलिंडरे, आणि इंजिन नेहमीच्या स्कूटरसारखे मागच्या चाकाबरोबर हलणारे नव्हे, तर मोटारसायकलप्रमाणे सांगाड्यात पक्के बसवलेले. पॅरिस, मिलान, रोम येथील कोटधारी नोकरदार आठवडाभर तिच्यावर कचेरीत जात आणि रविवारी डोंगरात. मोटारसायकलवर तरुणपण काढलेल्या अनेकांनी ती स्वीकारली. जगातील वेगवान शर्यतपटूही शर्यतीच्या मैदानामागे तंबू ते तंबू जाताना स्कूटरच वापरताना दिसतात. 2021 साली बीएमडब्ल्यूने आपल्याकडे 350 सीसीची स्कूटर जवळजवळ दहा लाखांना विकायला आणली, तेव्हा स्कूटर हे गरजेचे वाहन ही व्याख्या आपल्याकडेही जुनी झाली.

आपल्याकडे गिअरशिवायच्या स्कूटरची गोडी लावली ती मात्र नगरच्या फिरोदियांनी. 1972 साली लुना रस्त्यावर आणणाऱ्या या उद्योगसमूहाने 1980 च्या दशकात होंडाबरोबर कायनेटिक होंडा काढली. बटण दाबले की सुरू, मूठ पिळली की चालू. आमच्या आईने आयुष्यात चालवलेली एकमेव गाडी तीच. त्या वेळी आम्ही मुले तिला 'बायकांची गाडी' म्हणून हिणवत होतो, हे आज आठवले की लाज वाटते. गिअर नसणे हा कमीपणा नव्हता. ती एक मोकळीक होती, हे कळायला मला पस्तीस वर्षे लागली.

चावी कोणाच्या हाती

घाटातून परत आलो तो प्रसन्न चित्ताने. अंगणात धाकटा पुतण्या उभा होता. अकरावीत आहे. म्हणाला, "काका, चावी द्या ना. कोपऱ्यापर्यंतच जातो. गिअर थोडीच आहेत? ज्याला सायकल येते त्याला स्कूटर येतेच."

आदल्या दिवशी मी चावी दिली असती. आपल्या घरांत हे असेच चालते. मीही चौदाव्या वर्षी अण्णांची चेतक यार्डापर्यंत नेली आहे आणि ते कौतुकाने सांगितलेही आहे. दुकानात डबा पोहोचवायचा असतो, क्लास लांब असतो आणि घरात गाडी उभी असते. परंतु त्या सकाळी मी स्वतः पडता पडता वाचलो होतो आणि तिचा जोर माझ्या हाताला ताजा ठाऊक होता. मी चावी खिशात ठेवली.

त्याचे म्हणणे खोटे नव्हते, आणि भीती त्यातच होती. चेतकवर ताकद थोडी आणि तीही क्लच-गिअर शिकल्याशिवाय हाती लागत नसे. ते शिकता शिकता रस्त्याची समजही येई. आज आरएक्सपेक्षा अधिक अश्वशक्ती कोणतीही परीक्षा न घेता कोणाच्याही मनगटात येते. घाटात मला जो आनंद मिळाला तो गाडीने दिला हे खरे. पण तो सुखरूप घरी आणला तो तीस वर्षांत झालेल्या चुकांनी, खरचटलेल्या कोपरांनी आणि समोरच्याच्या मनातले ओळखण्याच्या सवयीने. ते भांडवल सोळा वर्षांच्या मुलाकडे कोठून येणार? ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 17 मीटर. दचकून ब्रेकवर बोटे जाईपर्यंतच गाडी आमच्या दुकानाच्या लांबीइतकी पुढे गेलेली असते, आणि वेग दुप्पट झाला तर ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते. विजेच्या गाडीला तर आवाजही नसतो. गल्लीतल्या आजोबांना ती आल्याचे कळतही नाही.

बंधूंना माझा नकार रुचला नाही. "कोपऱ्यापर्यंतच तर जातोय," ते म्हणाले. दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी जेवताना मी कायद्याची बाजू सांगितली. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना 50 सीसीपर्यंतच्या गाडीचा असतो. घरातल्या स्कूटरसाठी वय अठरा हवे. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक व गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. त्यासाठी 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. दंडाची रक्कम ऐकून बंधू हसले, कैदेचे ऐकून गप्प झाले. पण त्यांचे मन वळले ते कायद्याने नव्हे. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी घसरता घसरता वाचले म्हणतात, आणि हा कधी चालवलीच नाही."

मग जे ठरले ते येथे सांगतो. कोणाच्या घरी उपयोगी पडेल. अठरा पूर्ण होईपर्यंत डबा सायकलवरून जाईल. शिकाऊ परवाना हाती आला की सलग चार रविवार, यार्ड बंद आणि मोकळे असताना, मी स्वतः त्याला शिकवीन: दोन्ही ब्रेक एकत्र लावणे, सावकाश वेगात मागचा ब्रेक हलका धरून आठाच्या आकड्यात गाडी फिरवणे, वाळूवर मूठ न पिळणे. आयएसआय खुणेचे हेल्मेट स्वाराला आणि मागे बसणाऱ्यालाही, अगदी कोपऱ्यापर्यंत जाताना सुद्धा. नवी गाडी 125 सीसीपेक्षा मोठी असेल तर तिला एबीएस आणि त्याखालची असेल तर दोन्ही चाकांचे जोडब्रेक असणे 2019 पासून सक्तीचे आहे. जुनी गाडी घेताना ते पाहूनच घ्यायची. आणि नियम थोरल्यांनाही लागू. मला पहिल्यांदा हेल्मेटशिवाय पाहिले की धाकट्याने चावी काढून घ्यावी, असा अधिकार त्याला दिला आहे. तो डोळ्यांत तेल घालून पहारा करतो.

बुलेट दुरुस्त होऊन आली. ती मी विकलेली नाही. लांबच्या सरळ रस्त्यावर तिच्या संथ ठोक्यांची सर कशाला येत नाही. पण गुडघ्यांना आता तिचे वजन जाणवते, आणि ती ढकलताना पूर्वी जे मनात येई, की हे सुटले म्हणजे रविवार संपले, ते आता येत नाही. त्या मित्रानेही स्कूटर नोंदवली आहे. भाजीची यादी मी त्याला परत केली.

परवा अण्णा अंगणात आले. वय ब्याऐंशी. काठी टेकत त्यांनी एरॉक्सभोवती एक सावकाश फेरी मारली, जशी चौतीस वर्षांपूर्वी आरएक्सभोवती मारली होती. मी आसन उचलून आतली जागा दाखवली. त्यांनी आतून हेल्मेट काढून माझ्या हाती दिले, हाताने खोली अजमावली आणि म्हणाले, "नमुन्याच्या पिशव्या बसतील." मग जायला वळले, पुन्हा थांबले.

"थंडी आहे. जरा कलती करून मग चालू कर."

बटणाच्या गाडीला ते लागत नाही. मी गाडी कलती केली आणि मग चालू केली.